व्हॉल्ट म्हणजे बँकेतली तिजोरी नव्हे? बाबांचा बोल्टनमधला एक फोटो

सुताची_गुंडी

नमस्कार मंडळी. हा प्रश्न कुठे विचारावा कळेना, म्हणून इथे विचारतेय.

माझे बाबा १९६० ते ६२ या काळात मँचेस्टरच्या कॉलेज ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीत टेक्सटाइल शिकायला होते. राहायला मात्र बोल्टनमध्ये, कारण तिथे खोलीभाडं कमी. "शनिवारी रात्री व्हॉल्टमध्ये काम असतं" असं ते घरी पत्रातून कळवत. आमच्या आजीने त्यावरून अख्ख्या इचलकरंजीत सांगून टाकलं की पोरगं विलायतेत बँकेत लागलंय, आणि तेही थेट तिजोरीवर. बाबांनी हा गैरसमज जन्मभर दुरुस्त केला नाही. आजी गेली, गेल्या वर्षी बाबाही गेले.

आता ट्रंक आवरताना एक फोटो सापडला. बाबांच्या अंगात पांढरा आखूड कोट, डाव्या हातावर फडकं, काखेत गोल ट्रे, कमरेला सुतळीने बांधलेलं बाटली उघडायचं. मागच्या भिंतीवर बसमध्ये असतं तसं एक बटण दिसतंय. फोटोमागे लिहिलंय: "वेटर-ऑन, शनि." खिशातल्या डायरीत एका तारखेला नोंद आहे: "फ्लोटमध्ये २ शि. ७ पे. खोट. पदरचे घातले."

बँकेत असा कोट घालत नाहीत, एवढं मला कळतं. पण व्हॉल्ट म्हणजे काय? वेटर-ऑन म्हणजे काय? आणि वेटरने पदरचे पैसे का घालायचे?

कॅनॉलवाला

ताई, फोटो पबमधलाच दिसतोय, पण मला एक कोडं आहे. मी तीन वर्षं मँचेस्टरमध्ये आहे. इथल्या पबात वेटर नसतो. आपण काउंटरवर जायचं, पैसे द्यायचे, ग्लास आपणच टेबलावर आणायचा. जेवण मागवलं तरच कुणी आणून देतं. तेव्हा वेटर होते?

गोदाकाठचा

होते. मी त्यांतलाच एक.

वय वर्षे ८७, मुक्काम नाशिकरोड. टॅबवर एका बोटाने लिहितो, तेव्हा चुकाभूल द्यावी घ्यावी. सुताची गुंडी ताई, तुमचे वडील माझ्या ओळखीचे नव्हते, पण तो कोट मी घातलेला आहे. काखेत फार घट्ट असायचा.

मी १९६० च्या हिवाळ्यात बोल्टनला गेलो, सूतगिरणीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून. गिरणगावातल्या जुन्या यंत्रांवर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं आणि बोल्टनच्या डॉब्सन अँड बार्लोचं नाव बिडात ओतलेलं असायचं. मला वाटलं, चाललोय ते गंगोत्रीला. पोचलो तेव्हा १९५९ च्या कायद्याने तिथलं सरकार गिरणीमालकांना चात्या आणि माग मोडीत काढायचेच पैसे देत होतं. जे यंत्र शिकायला आलो, त्याच्यावर घण पडताना पाहिला. असो, तो वेगळा विषय.

शिकाऊ पगारात खोली आणि कोळसा भागेना. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक पब होता. नाव लिहीत नाही. मालक लढाईत हिंदुस्थानात होता आणि घरी परतायच्या बोटीची वाट बघत कितीतरी दिवस देवळालीच्या छावणीत पडून होता. तिकडे वेडसर माणसाला "डुलॅली" म्हणतात, ते आपलं देवळाली. पूर्ण शब्द "डुलॅली टॅप", आणि त्यातला टॅप म्हणजे चक्क ताप. मी म्हटलं, मी नाशिकरोडचा, वडील प्रेसमध्ये, देवळाली आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. तो इतका हसला की त्याला खोकला लागला. शुक्रवार, शनिवार आणि रविवार रात्रीचं काम मिळालं. तीन वर्षं माझं नाव डुलॅली.

आता व्हॉल्ट. तेव्हाचा पब म्हणजे एकच मोठी खोली नव्हे, आपल्या जुन्या वाड्यासारख्या चार-पाच खोल्या. रस्त्याला लागून व्हॉल्ट. तिथे गालिचा नाही, लाकडी बाकं, फक्त पुरुष. गिरणीतून, खाणीतून, रस्त्याच्या कामावरून आलेले लोक कामाच्या कपड्यांत बसत. डॉमिनोज चालायचं, "फाइव्ह्ज अँड थ्रीज" नावाचा प्रकार. टोकांची बेरीज पाचाने किंवा तिनाने भागली गेली की गुण. गणितात नापास झालेली माणसं तिथे डोळ्याचं पातं लवायच्या आत बेरीज सांगत. आत बेस्ट रूम. तिला गालिचा, शेगडी, पियानो. शनिवारी नवरे बायकांना घेऊन तिथे बसत, टाय लावून. बायकांच्या हातात मिल्क स्टाउट नाहीतर पोर्ट अँड लेमन. बाजूला स्नग नावाची कोनाड्याएवढी खोली, तिथे दोन-तीन म्हाताऱ्या. त्या कधी येतात आणि कधी जातात हे कुणी पाहायचं नाही, अशी रीत होती.

बियर एकाच पिंपातली. पण व्हॉल्टपेक्षा बेस्ट रूममध्ये पिंटाला एक पेनी जास्त. गालिच्याची पेनी.

तुमच्या फोटोतलं भिंतीवरचं बटण म्हणजे बेल. गिऱ्हाइकाने बसल्या जागी दाबायची, की बारमागच्या लाकडी पेटीत त्या खोलीची खूण पडे. मग मी जायचो. हाच वेटर-ऑन. "ऑन" का, हे मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "कारण तू ऑन आहेस."

पदरच्या पैशांचं असं. संध्याकाळी मालक दोन पौंडांची चिल्लर हातात ठेवायचा. तो फ्लोट. बारच्या खिडकीशी जाऊन मी त्या चिल्लरीतून बियर *विकत* घ्यायची. रोख. मग ती टेबलावर नेऊन माझे पैसे वसूल करायचे. रात्री मालकाला दोन पौंड परत, वर राहील ते माझं, आणि कमी पडलं तर तेही माझंच. म्हणजे ट्रेवरचा माल खिडकीपासून टेबलापर्यंत माझ्या मालकीचा असायचा. सांडला तर माझा सांडला. कुणी शेवटच्या बससाठी पैसे न देता पळालं तर मी बुडालो. तुमच्या वडिलांचे २ शिलिंग ७ पेनी असेच गेले असणार. फार नाहीत. माझे एका ख्रिसमसला साडेअकरा शिलिंग गेले होते. एक लग्नाचं वऱ्हाड होतं, दुसरं काय.

हिशेबाला कागद नाही. १२ पेनींचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. इंग्रज पोरं त्यात गोंधळत. आम्ही आणे-पैवर वाढलेले, आणि आम्हाला शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी मारून मारून पाठ करून घेतलेली. बियर दोन प्रकारची, सौम्य ती माइल्ड आणि कडवट ती बिटर. व्हॉल्टमध्ये माइल्ड सव्वा शिलिंग, बिटर दीड शिलिंग. सात बिटर? सात दिडके साडेदहा. बेस्ट रूम असेल तर जितके पिंट तितक्या पेनी वर: अकरा शिलिंग एक पेनी. ग्लास टेबलावर टेकायच्या आत आकडा तोंडात. पहिल्या महिन्यात लोक कागद काढून पडताळत. नंतर पैज लावत.

ट्रेचं तंत्र सांगतो, कारण आता ते कोण विचारणार. दहा पिंट म्हणजे ग्लासांसकट नऊ-दहा किलो. आधी मधले ग्लास ठेवायचे, मग कडेचे. उतरवताना उलटं: कडेचे आधी, पण समोरासमोरचे, एकाच बाजूचे काढले की ट्रे पलटला. ट्रेवर ओलं फडकं पसरायचं, म्हणजे ग्लास सरकत नाही. नजर ग्लासांकडे ठेवायची नाही. ग्लासांकडे पाहिलं की हिंदकळतं. आमच्याकडे डोक्यावर दोन हंडे घेऊन जाणाऱ्या बायका हंड्यांकडे बघतात का?

बक्षिशी अशी नाही. "अँड वन फॉर युअरसेल्फ," असं गिऱ्हाईक म्हणायचं. म्हणजे तुझ्यासाठीही एक घे. मी पीत नव्हतो. मग त्या अर्ध्या पिंटाचे पैसे फळीवरच्या एका ग्लासात टाकायचे. माझं खोलीभाडं त्या ग्लासातून गेलं.

एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार दोन दिवस केला. लिहितो. ट्रे हातात असेपर्यंत मी सगळ्या खोल्यांत जायचो. व्हॉल्ट, बेस्ट रूम, स्नग, वरच्या मजल्यावरची गाण्याची खोली. गिऱ्हाइकांपैकी कुणीच असं सगळीकडे जात नसे. व्हॉल्टमध्ये एक माणूस होता, तो माझ्या हातून बियर घ्यायचा नाही. उठून स्वतः खिडकीशी जायचा. मालक त्याला काही बोलला नाही, मलाही काही बोलला नाही. त्याचा रिकामा ग्लास मात्र मी उचलायचो. रिकामा चालत होता.

आणि एका मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, मी कोट न घालता, माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका फिटरला घेऊन गेलो. त्याला डॉमिनोज खेळायचं होतं. आम्ही व्हॉल्टच्या दारात, तेवढ्यात मालक बारमागून बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "आत बेस्ट रूममध्ये बस रे लॅड. तिकडे ऊब आहे." मोठ्या मायेने म्हणाला. खरंच ऊब होती. मी बसलो, लेमोनेड घेतलं, आणि पेनी जास्त दिली.

शुक्रवारी परत कोट घालून त्याच व्हॉल्टमध्ये ट्रे घेऊन गेलो. पुढे दोन वर्षं तिथेच काम केलं, आणि निघताना मालकाने मला देवळालीची म्हणून पितळेची एक घंटा दिली. ती अजून देवघरात आहे. घंटा देवळालीची नाही, बर्मिंगहॅमची आहे. खाली छाप आहे.

लीड्सची_आजी

गोदाकाठचे, वाचून गप्प बसले थोडा वेळ.

मी १९६८ ला लीड्सला आले. यजमान हॉस्पिटलात डॉक्टर. आमच्या यॉर्कशायरात व्हॉल्टला टॅप रूम म्हणत. वॉर्डमधल्या एका सिस्टरचा निरोप समारंभ पबात होता. मी नऊवारीत नव्हते हो, पाचवारीत होते, पण तरी सगळा पब वळून बघतोय असं वाटलं. यजमानांना म्हटलं, मी जाऊन आणते, तर सिस्टरने हात धरून खाली बसवलं. बायकांनी बारशी जायचं नसतं, पांढऱ्या कोटातला येईल, त्याला सांगायचं. आला. पन्नाशीचा, दिवसा ट्रामच्या, म्हणजे तेव्हा बसच्या डेपोत कामाला होता. मला म्हणाला, "व्हॉट आर यू हॅविंग, लव्ह?" आमच्या घरात मला लव्ह असं यजमानांनीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं! मी घाबरून सिस्टरकडे पाहिलं. तिने बेबीशॅम सांगितलं. मी विचारलं हे कशाचं? म्हणाली, पेअरचं. म्हटलं वा, नासपतीचा रस. गोड, थंड, बुडबुड्यांचा. दोन प्यायले. घरी जाताना यजमानांना "भरजरी गं पितांबर" म्हणून दाखवत होते, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. नंतर कळलं, पेअरचंच असतं ते, पण आंबवलेलं.

आणि शुक्रवारी रात्री एक माणूस टोपली घेऊन पबापबातून फिरायचा, अंगात पांढरा डगला. टोपलीत उकडलेले कॉकल्स, मसल्स, कोळंबी. कागदाच्या द्रोणात घालून वर व्हिनेगर आणि पांढरी मिरपूड. मी मालवणची. कॉकल्स म्हणजे आमच्या तिसऱ्यांचेच भाऊबंद! लीड्ससारख्या समुद्रापासून दूर गावात, धुरात, सिगारेटच्या वासात, ती एक टोपली. खोबरं नाही, तिखट नाही, तिरफळ नाही, नुसता आंबट समुद्र. मी द्रोण चाटला असता. पुढे दर शुक्रवारी यजमानांना पाठवायची, पबात जा आणि तिसऱ्या आणा. ते बिचारे टीटोटलर, दारातच त्या टोपलीवाल्याची वाट बघत उभे राहायचे थंडीत.

अजून एक. पबात भिशी असायची. दर आठवड्याला थोडेथोडे द्यायचे, कार्डावर खूण, ख्रिसमसला किंवा सुट्टीच्या आठवड्याला एकदम मिळायचे. आमच्या मोलकरणीने (तिकडे क्लीनर म्हणायचं) मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं ही तर भिशी. पुढे एका वर्षी भिशीवाला पैसे घेऊन पसार झाला. तेही आपल्यासारखंच.

निर्व्यसनी

पबच्या आठवणी, बियरचे भाव, ट्रेचं तंत्र... दारूचं किती उदात्तीकरण करायचं ते एकदा ठरवा. गिरणी कामगारांचे पगार कुठे गेले हेही लिहा की.

गोदाकाठचा

पगार तिथेच गेले. शुक्रवारी सातनंतर बायका मुलांना पाठवायच्या, बापाला बोलावून आण म्हणून. पोराला आत यायची बंदी, ते दारातून हाक मारायचं. मी जाऊन बापाच्या कानात सांगायचो. काही उठत, काही म्हणत "सांग, तो इथे नाही." मग मी दारात जाऊन पोराला तेच सांगायचो. तेही माझंच काम.

जुनी_पानं

उत्तम धागा. थोडी भर.

पबच्या वेळांचं बंधन पहिल्या महायुद्धात आलं, दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून. १९२१ च्या कायद्याने ते कायम झालं. लंडनबाहेर दिवसाला साधारण आठ तास, आणि दुपारी सक्तीने बंद. दुपारची ती बंदी इंग्लंडमध्ये १९८८ ला उठली. काका, तुमच्या नोकरीच्या मधेच १९६१ चा कायदा आला, ज्याने "टाइम" पुकारल्यावर ग्लास संपवायला दहा मिनिटं दिली. ते आठवतं का?

बोल्टनची निवड तुम्ही नकळत चांगली केलीत. १९३७ नंतर मास ऑब्झर्वेशन नावाच्या गटाचे लोक तिथल्या पबांत वह्या घेऊन बसले होते. टॉम हॅरिसन त्यांचा म्होरक्या. गिऱ्हाईक पिंट किती मिनिटांत संपवतं, कुठल्या खोलीत कोण बसतं, थुंकतं कुठे, सगळं टिपलं. गावाला त्यांनी टोपणनाव दिलं वर्कटाउन.

आणि त्या मंगळवाराबद्दल. ज्या कायद्याने पब, हॉटेल अशा ठिकाणी वंशावरून दार बंद करणं बेकायदा ठरवलं, तो रेस रिलेशन्स कायदा १९६५ चा. तुम्ही तोवर परत आला होतात. पण त्याच लँकाशायरमध्ये, प्रेस्टनजवळच्या बँबर ब्रिज गावात, १९४३ साली उलटंही घडलं होतं. अमेरिकन लष्कराने आपल्या काळ्या सैनिकांना पबांतून वेगळं ठेवा अशी मागणी केली, तर गावातल्या पबांनी पाट्या लावल्या: "फक्त काळ्या सैनिकांसाठी". त्यानंतर जूनच्या एका रात्री लष्करी पोलिसांशी चकमक झाली, गोळीबार झाला, त्यात एक काळा सैनिक मारला गेला.

@कॅनॉलवाला: वेटर गेले कारण खोल्या गेल्या. साठ-सत्तरच्या दशकांत मालक कंपन्यांनी मधल्या भिंती पाडून एकच हॉल केला. एका बारमागून सगळीकडे नजर ठेवता येते, पगारही वाचतो. बेलची बटणं मात्र कितीतरी जुन्या पबांच्या भिंतींवर अजून आहेत, दाबली तरी कुठेच वाजत नाहीत. लिव्हरपूलजवळ वॉटर्लूला व्हॉलंटियर कँटीन नावाचा छोटा पब आहे, तिथे टेबलावर आणून द्यायची पद्धत पुढे कितीतरी वर्षं टिकली.

गोदाकाठचा

दहा मिनिटं न आठवायला काय झालं. त्याआधी पुकारा झाला की लोक उभ्याउभ्या घशात ओतत, आणि मी हात पुढे करून ग्लासाची वाट बघत उभा. मालक पंपांवर टॉवेल टाकायचा. टॉवेल पडला की देवसुद्धा आला तरी बियर नाही. दहा मिनिटं मिळाली तेव्हा व्हॉल्टमधला एक म्हातारा म्हणाला, आता घाई नाही म्हणून मजा नाही.

बँबर ब्रिजचं मालकाने कधी सांगितलं नाही. त्याला माहीत असणार. बोल्टनहून ते काही लांब नाही.

सुताची_गुंडी

काका, आजी, सगळेच, काय लिहू. आई शेजारी बसून ऐकतेय. बेबीशॅमवर ती इतकी हसली.

काका, आई म्हणते बाबांना शेवटपर्यंत एक सवय होती. घरात पाच-सहा कप चहा न्यायचा असला की ट्रेवर आधी ओलं फडकं. आम्हाला वाटायचं डाग पडू नयेत म्हणून.

एक शेवटचं विचारते. फोटोमागे "वेटर-ऑन, शनि." याच्या खाली पेन्सिलने पुसट आकडे आहेत. भिंग लावून वाचलं: "६ मा. ४ बि. = १४/४". आईचं म्हणणं मा. म्हणजे मासे. ६ मासे आणि ४ बिस्किटं?

गोदाकाठचा

मा. म्हणजे माइल्ड, बि. म्हणजे बिटर.

भाव आमच्या पबातले धरतो. सहा सव्वा साडेसात. चार दिडके सहा. झाले साडेतेरा, म्हणजे १३/६. पण त्यांनी लिहिलेत १४/४. दहा पेनी जास्त, आणि पिंट दहा.

ताई, फोटो व्हॉल्टमधला नाही, बेस्ट रूममधला आहे. भिंतीवर बेल आहेच. खाली बघा, गालिचा दिसतो का.